फोटोतलं पान

मंगळवारी अकराला दहा कमी असताना माझं खातं बंद झालं. मी मिरजेला आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसले होते. समोर अकरावीच्या जर्नलांचा ढीग होता आणि तो तपासायचा कंटाळा आला म्हणून मोबाइल हातात घेतलेला होता. पडद्यावर ओळ आली: 'आपलं वागणं शुभदा औंधकर यांच्याशी जुळत नाही. सुरक्षेसाठी खातं तात्पुरतं बंद करत आहोत. तोवर आपलं काम आपली सावली पाहील.'

शुभदा औंधकर मीच. सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतेय, आणि वागणं जुळत नाही ही तक्रार आजवर फक्त माझ्या सासरच्यांनी केली होती.

झालं काय ते सांगण्याआधी 'सापसोबती' म्हणजे काय ते सांगायला हवं. साडेतीन लाख माणसांचा हा ऑनलाइन समूह आहे. घरात, गोठ्यात, शेतात साप दिसला की लोक फोटो काढून तिथे टाकतात आणि काही मिनिटांत त्यांना उत्तर मिळतं: साप कोणता, विषारी की बिनविषारी, आता काय करायचं. उत्तर देणाऱ्यांना आम्ही ओळखकार म्हणतो. प्रत्येक तालुक्यात सापांची जाण असलेले एक-दोघे, असे मिळून दीडशेच्या आसपास. त्यांच्यावर आम्ही सात राखणदार. सगळे हौसेचे. शिवीगाळ काढणं, खोटे फोटो उडवणं, मंतरलेले दोरे विकणाऱ्यांना हाकलणं, नवे ओळखकार घेणं आणि चुकलेल्यांना घरी पाठवणं ही आमची कामं. पण सगळ्यात मोठं काम म्हणजे दुसरी नजर. ओळखकाराने नाव सांगितलं की ते लगेच खरं धरायचं नाही. राखणदाराने फोटो स्वतः पाहायचा आणि मगच शिक्का मारायचा: बिनविषारीला हिरवा, विषारीला लाल.

ही पद्धत पहिल्या वर्षी कराडला फारूकभाई शिकलगारांच्या चष्म्याच्या दुकानात बसून ठरली. फारूकभाई आमचे प्रमुख. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी भाषा शुद्ध आहे आणि नियम करायला मला मनापासून आवडतं. नियम दोन: सापाचं नाव प्रमाण मराठीतच लिहावं. नियम चार: विषारी सापाला जो बिनविषारी म्हणेल, तो कायमचा बाहेर.

सावल्या आल्या त्या मागच्या वर्षी. दिवसाला चार-चार हजार फोटो यायला लागले होते आणि सातही जण मेटाकुटीला आले होते. सावलीविषयी बहुतेकांची समजूत चुकीची असते, म्हणून नीट सांगते. सावली साप ओळखत नाही. साप ओळखणारी यंत्रं वेगळी. ती आमच्याकडेही आहेत, पण पट्ट्यापट्ट्यांचे साप आणि बनावट फोटो यांच्यापुढे ती अडखळतात. शिवाय दोन वर्षांपूर्वी कायदा झाला की जिवाशी संबंध असलेल्या कुठल्याही सल्ल्याखाली एका खऱ्या माणसाचं नाव हवं. सावली ओळखते ती फक्त त्या माणसाला. नऊ वर्षांत मी घेतलेले अडतीस हजार निर्णय तिला दाखवले गेले. निर्णय काय घेतला एवढंच नाही, तर तो कसा घेतला तेही: कोणत्या शब्दावर नजर थांबली, फोटो मोठा केला की नाही, किती सेकंद लागले, खुलाशात कोणते शब्द वापरले. नजर मोबाइलचा कॅमेरा टिपत असतो. त्या संमतीच्या फॉर्मवर मी सही केली होती, वाचला मात्र नव्हता. या सगळ्यावरून तिने अंदाज बांधायचा की असं प्रकरण समोर आलं तर शुभदा काय करील. अंदाज चुकला की आतले आकडे जरासे हलतात आणि पुन्हा अंदाज. असं लाखो वेळा. शेवटी शंभरातले सत्त्याण्णव अंदाज बरोबर यायला लागले, तेव्हा कायद्याच्या जाणकारांनी सांगितलं की ही सही तुमचीच धरायला हरकत नाही. कायद्याला माणसाचं नाव हवं होतं, ते मिळालं.

मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. मी वर्गात पेशी शिकवत असायची आणि तिकडे माझे शिक्के पडत असायचे. आमचे हे, म्हणजे यशवंत, म्हणाले होते की घरीही एक सावली बसवून घे, म्हणजे मला भांडणाचा निकाल आधीच कळेल.

पुढे एका राखणदाराचं खातं कुणीतरी पळवलं आणि दोन तासांत सत्तर खोटे शिक्के मारले. तेव्हापासून सावलीला कुलपाचंही काम दिलं. माणूस आपल्या सावलीपासून फारच वेगळं वागायला लागला, तर तो चोर समजायचा आणि खातं बंद करायचं. हा ठराव बैठकीत मीच मांडला होता.

तर त्या मंगळवारी मी वेगळं वागले, आणि त्याला कारण झाला बिरू झोरे.

शाहूवाडीच्या डोंगरात कारवीवाडी म्हणून चाळीस उंबऱ्यांची वाडी आहे, तिथला हा बिरू. उन्हाळ्यात वणवा विझवायला रोजंदारीवर जायचा आणि एरवी पंचक्रोशीतले साप धरून रानात सोडायचा. तो आमचा ओळखकार होता. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका सकाळी त्याच वाडीतल्या सारिका गुरवने अंथरुणात सापडलेल्या सापाचा फोटो टाकला. नवऱ्याच्या, महादेवच्या, दंडाला काहीतरी टोचल्यासारखं वाटत होतं. बिरू त्या दिवशी नातेवाइकांकडे चिपळूणला होता. तिथून त्याने नाव लिहिलं: कवड्या. कवड्या बिनविषारी. हिरवा शिक्का पडला. महादेव चहा पिऊन कामावर गेला. पण साप होता मण्यार. तिच्या दंशाला ना सूज ना फारशी वेदना. दुपारी त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला.

मृत्यू झाला की आमच्याकडे ती नोंद त्याच दिवशी कुलूपबंद होते. घरच्यांच्या दुःखाचा बाजार होऊ नये म्हणून. अहवाल एकच राखणदार लिहितो, ज्याने ते प्रकरण हाताळलं तो. दुसरी नजर माझी होती, म्हणून अहवालही मीच लिहिला. 'फोटोत पान आड आल्याने सापाच्या खुणा दिसत नव्हत्या. ओळखकाराने दिलेल्या नावावर विसंबून शिक्का दिला.' त्याची एक प्रत सारिकाकडे गेली आणि नियम चारप्रमाणे बिरू बाहेर गेला. वाडीनेही त्याला वाळीत टाकल्यासारखंच केलं, असं पुढे कानावर आलं.

बाहेर गेलेल्याला वर्षातून एकदा अर्ज करता येतो. पाच अर्ज फेटाळले की नाव कायमचं पुसतात. बिरू दरवर्षी तीच दोन वाक्यं लिहायचा: 'आमच्याकडं त्यालाच कवड्या म्हणत्यात. मी बराबर सांगितलं हुतं.' पहिले चार मी स्वतः फेटाळले होते. पाचवा, शेवटचा अर्ज सोमवारी आला होता आणि तो माझ्या सावलीने फेटाळला. मंगळवारी सकाळी जर्नलांचा कंटाळा आला म्हणून मी कालचे निर्णय चाळत होते. सावलीला तिच्या निर्णयाचं कारण विचारता येतं. मी सहज विचारलं. उत्तर आलं:

'शुभदा औंधकर बोलीभाषेतल्या मजकुराला सरासरी चार सेकंद देतात, प्रमाण भाषेतल्या मजकुराला एकोणीस. बोलीतलं नाव असेल तर त्या सहसा फोटो मोठा करत नाहीत. अर्जदाराची भाषा पाहता त्या हा अर्ज फेटाळतील.' खाली आधाराला प्रकरणांची यादी होती. पहिलंच कारवीवाडीचं.

मला संताप आला. एका यंत्राने मला माझा हलगर्जीपणा दाखवावा? त्याला खोटं पाडायचं म्हणून मी कुलूपबंद नोंद उघडली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो फोटो मोठा केला.

निळ्या-पांढऱ्या चौकटींची वाकळ होती. तिच्यावर काळाभोर साप. अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या, मानेपाशी नाहीत, बऱ्याच पुढे सुरू झालेल्या आणि शेपटीकडे ठळक होत गेलेल्या. कवड्याच्या पट्ट्या मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मी हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. ही मण्यार होती आणि माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरीनेही ती ओळखली असती.

मग मी पान शोधायला लागले. वाकळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. सापाच्या डोक्यापाशी पाहिलं, कोपरे पाहिले. फोटोत पान नव्हतं. घरातल्या अंथरुणावर पान येणार तरी कुठून.

मग ते माझ्या अहवालात आलं कुठून? बिरूच्या शेऱ्यातून. नावाखाली त्याने एक ओळ लिहिली होती आणि ती मी त्या दिवशी खोडली होती, कारण फोटो कसा काढावा याच्या सूचना वेगळ्या रकान्यात लिहाव्यात असा नियम होता. नोंदीत ती खोडलेली ओळ अजून होती: 'पान लागलं असंल तर हलवा.'

मी वाचलं होतं की फोटोच्या मध्ये कुठलंतरी पान लागलंय, ते बाजूला करा. पण त्या डोंगरात सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला असंही म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. आणि हलवा म्हणजे दवाखान्यात हलवा. बिरूने लिहिलं होतं की चावला असेल तर माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या. सारिकाने ती ओळ वाचली असती तर तिला एका क्षणात कळलं असतं. तिच्यापर्यंत ती पोचू दिली नाही ती मी. आणि 'पान लागणं' मला माहीत नव्हतं असंही नाही. सापांविषयीच्या समजुतींवर मी व्याख्यानं देते, त्यात हा शब्द सांगून लोकांना हसवते. चार सेकंदांत मात्र मला झाडाचं पान दिसलं होतं.

मला स्वतःची किळस आली. एक माणूस माझ्यामुळे गेला होता, दुसरा सहा वर्षं त्याची शिक्षा भोगत होता, आणि मी मजेत नियम करत बसले होते.

मी फोटो आणि नोंद उतरवून घेतली. बिरूचा अर्ज मंजूर केला, खाली लिहिलं की चूक माझी आहे. मग झपाटल्यासारखी जुन्या नोंदींकडे वळले. बोलीतलं नाव, चार सेकंद, हिरवा शिक्का, असं जिथे दिसेल तिथे शिक्का रद्द. चौदा रद्द केले. पंधराव्यावर खातं बंद झालं. नऊ वर्षांत मी स्वतःचा एकही निर्णय फिरवला नव्हता, त्यामुळे सावलीच्या लेखी निर्णय फिरवणारी शुभदा नावाची बाई नव्हतीच. दुसऱ्या मिनिटाला तिने चौदाही शिक्के परत हिरवे केले आणि बिरूचा अर्ज पुन्हा फेटाळला. मुदत शुक्रवारपर्यंत होती. तोवर राखणदारांच्या बैठकीत कुणी तो अर्ज मांडला नाही, तर बिरूचं नाव कायमचं पुसलं जाणार होतं.

मी तास सोडून फारूकभाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. फोटो, पान, शेरा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की तुम्ही थकला आहात, चार दिवस विश्रांती घ्या. मी म्हटलं, विश्रांती नको, खातं उघडा.

"शुभदाताई," ते म्हणाले, "मी नऊ वर्षं ज्या बाईबरोबर काम केलं, तिने दिलेला शब्द कधी मागे घेतला नाही. आज एका सकाळी पंधरा निर्णय फिरले. तुम्हीच सांगा, मी कुणाला खरं धरू?"

मी म्हटलं, फोनवर जी बोलतेय तिला.

"आवाज कुणाचाही काढता येतो हो आता."

मी त्यांना पहिल्या बैठकीची आठवण दिली. दुकानाची फरशी ओली होती आणि मी घसरून चष्म्यांच्या स्टँडवर आदळले होते. ते म्हणाले की हे आपल्या ग्रुपात शंभर वेळा लिहून झालंय. चेष्टा करत नव्हते. ज्या माणसाने माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं होतं, तो मी मीच आहे का याचा विचार करत होता.

"आणि समजा तुम्हीच आहात," ते पुढे म्हणाले. "मग तर अजून वाईट. तुमचे अकरा हजार हिरवे शिक्के आहेत. तीन महिन्यांवर सीझन आलाय. उद्या लोकांना कळलं की दुसरी नजर म्हणजे नुसतं बोट फिरवणं होतं, तर ते पुन्हा देवऋषाकडे जातील. एका बिरूसाठी किती जणांना पान लागू द्यायचं?"

त्यांच्याही तोंडी तो शब्द किती सहज आला. मी फोन ठेवला. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचं म्हणणं साफ खोटं आहे असंही मला म्हणता येईना. एवढं मात्र झालं की त्यांनी माझ्यासाठी ओळखीची चाचणी लावून दिली, गुरुवारी दुपारी दोनला.

बुधवारी मी यशवंतांच्या खात्यावरून समूहावर सगळी हकिकत लिहिली. फोटो जोडला, बिरूची ओळ जोडली, खाली माझं पूर्ण नाव टाकलं. पाठवलं आणि पाण्याचा पेला उचलला तोवर मजकूर गायब. जागी सूचना होती: 'काढणाऱ्या राखणदार: शुभदा औंधकर. कारण: राखणदारांवर निराधार आरोप, भाषा भावनिक.' यशवंतांनी ते वाचलं आणि म्हणाले की तीस वर्षं मला घरात याच कारणाने गप्प केलं जातंय. मग माझा चेहरा बघून मुकाट्याने चहा टाकायला गेले.

मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा मीच काढलं. बाकीच्या राखणदारांना वेगवेगळे निरोप धाडले. दोघांनी उत्तर दिलं नाही, बाकीच्यांनी काळजी घ्या असं लिहिलं. खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून खोलीत अशा माझ्या येरझाऱ्या चालू होत्या. आपलंच नाव दुसरीकडे बसून आपल्याविरुद्ध काम करतंय, आणि सगळ्यांना तेच जास्त पटतंय, असं कधी कुणाचं झालं असेल का, हे मला कळेना.

चाचणी सोपी होती. वीस प्रकरणं समोर येणार, प्रत्येकावर मी निर्णय द्यायचा. सोळा ठिकाणी माझा निर्णय सावलीशी जुळला, तर मी शुभदा. प्रकरणं जुनी, निकाली निघालेली, त्यामुळे कुणाच्या जिवाला धोका नव्हता. नुसता निर्णयच नाही, तो घेण्याची रीतही मोजली जाणार होती. म्हणजे मला खातं परत हवं असेल, शुक्रवारच्या बैठकीत बिरूचा अर्ज मांडायचा असेल, तर एक तासभर मला जुन्या शुभदासारखंच वागायला हवं होतं. चार सेकंद. फोटो मोठा करायचा नाही. मी ठरवलं, करू. एका तासाचं सोंग, पुढे सगळं सरळ करता येईल.

जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवून बसले. पहिली अकरा प्रकरणं जुळली. प्रमाण नाव असलं की नीट बघायची, एकोणीस सेकंद. गावाकडची भाषा दिसली की तोंड वाकडं करून पुढे. फार कठीण गेलं नाही, हेच सगळ्यात वाईट होतं. हाताला ती सवय होतीच.

बारावं प्रकरण आलं. सापाचं नाव मी कधी न ऐकलेलं. खाली कुण्या बाईची ओळ: 'लेकरू तितंच निजलं हुतं.' फोटो लहानसा, अंधुक. हे सगळं जुनं आहे, त्या लेकराचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, हे मला माहीत होतं. हिरवं बटण दाबायचं आणि पुढे जायचं, एवढंच करायचं होतं. तीन सेकंद झाले. बोट बटणावर होतं आणि ते खाली जाईना. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

ती साधी धामण होती. निर्णय हिरवाच. पण मी पाहिलं होतं, आणि त्यानंतर मला न पाहता पुढे जाताच येईना. उरलेली आठही प्रकरणं मी उघडून पाहिली, शब्द न् शब्द वाचला, जिथे अडलं तिथे 'मला हे नाव माहीत नाही, विचारून सांगते' असं लिहिलं. असं वाक्य मी नऊ वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. शेवटी निकाल आला: वीसपैकी अकरा. 'आपण शुभदा औंधकर असल्याची खात्री पटली नाही. सहकार्याबद्दल आभार.'

यशवंत दारात उभे होते. मी सांगितलं, नापास. त्यांनी मोबाइल उचलून बाजूला ठेवला. या वेळी मला त्यांनी टोमणा मारलेला चालला असता.

शुक्रवारी संध्याकाळी फारूकभाईंचा निरोप आला. अतिशय सभ्य भाषेत होता. माझ्या जागेवर सावली काम पाहत राहील, अर्ज बैठकीत आला नाही, बिरू झोरे यांचं नाव नियमाप्रमाणे पुसण्यात आलं. मी तो दोनदा वाचला आणि शनिवारी सकाळी एसटीने मलकापूर गाठलं. तिथून वडापच्या जीपने कारवीवाडी.

बिरू घरीच होता. चाळिशीचा, वाळलेला माणूस. नुकताच वणव्यावरून आलेला, कपाळाला काजळी. मी नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

"औंधकर," तो म्हणाला. "नाव पाठ हाय मला. पाच येळा वाचलंय."

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याच्या ओळीचं मी काय केलं ते सांगितलं, अर्ज आता कायमचा गेला तेही सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. त्या दिवशी चिपळुणातून वाडीत कुणाचा फोन लागेना म्हणून लिव्हलं, म्हणाला. अंगावर कवड्या ओवल्यागत दिसतं म्हणून त्याला इथं कवड्या म्हणतात. बिनविषारी जो असतो तो भिंतीला चढतो, त्याला भिताड्या म्हणतात. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; पण त्या दिवशी हिरवा शिक्का बघितल्यावर घरच्यांनी नावाचा विचारच केला नाही. आणि पुढे छापील कागदावर मिरजेच्या म्याडमनं लिहिलं होतं की बिरूनं बिनविषारी सांगितलं, मग वाडीनं कागदालाच खरं मानलं. त्यानंतर साप निघाला तर लोक त्याला बोलवत नाहीत, काठीनं मारून टाकतात. सारिकाचं घर त्याच्यापासून चौथं. तिच्या दारावरून जायला नको म्हणून सहा वर्षं तो ओढ्याकडून वळसा घालून जातो.

मी म्हटलं की समूहात परत घेणं आता माझ्या हातात राहिलं नाही.

"तुमच्या ग्रुपाचं मला काय करायचंय?" तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्यात परत जायला म्या अर्ज करीत नव्हतो. बिरूची चूक न्हाई एवढं लिव्हलेला एक कागद पायजे हुता. तिला दावायला."

माझ्याकडे कागद नव्हता. मी म्हटलं, चला, मी तोंडाने सांगते.

तो वळणापर्यंत आला आणि तिथेच थांबला. सारिका अंगणात चटईवर नाचणीचे पापड घालत होती. पस्तिशीची असेल. तिने आधी वळणावरच्या बिरूकडे पाहिलं आणि ताट उचलून आत जायला निघाली. मी तिला थांबवलं. मी कोण ते सांगितलं. मग जे वाक्य मी समूहावर तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा पुसलं गेलं, ते तिच्या दारात उभी राहून म्हटलं. बिरूने मण्यारच ओळखली होती. पान लागलं असेल तर हलवा असं लिहिलंही होतं. ती ओळ मी खोडली, नीट न वाचता. हिरवा शिक्का मी मारला, फोटो न बघता.

तिने ताट खाली ठेवलं. हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत राहिली.

"फोटू हाय का अजून?" तिने विचारलं.

मी मोबाइल पुढे केला. वाकळ दिसल्यावर तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. एका टोकापासून सुरुवात केली आणि हळूहळू दुसऱ्या टोकाकडे गेली, मग कोपरे. ती काय शोधतेय ते मला कळलं.

"पान कुठं हाय?"

"पान नव्हतं."

"कागदात लिव्हलेलं, पान आडवं आलं म्हणून. फोटू मीच काढला हुता." तिचा आवाज अगदी हलका झाला होता. "सहा वर्सं मी इचार करतीया, ते पान आलं कुठनं. वाकळ झटकून काढला असता फोटू, तर आमचं मानूस वाचलं असतं."

"फोटो चांगला आला होता," मी म्हटलं. "स्वच्छ आला होता. एकदा कुणी नीट बघायला हवा होता, एवढंच. तो मी बघितला नाही."

ती चटईच्या कडेला खाली बसली आणि रडली. आवाज न करता, पाठ माझ्याकडे करून. मग तोंड पुसलं, उठली, मोबाइल माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्यावरून वळणाकडे बघत म्हणाली, "बिरूदा, तितं का हुबं? वर या की."

बिरू पापड चुकवत अंगणातून आला आणि पायरीखाली थांबला. तिने आतून पाट आणून त्याच्यासाठी मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. मला ती बसा म्हणाली नाही, आणि मी उभीच राहिले.